चिमणीचं घर शोभेसाठी नको

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

२० मार्चचा जागतिक चिमणी दिवस जवळ आला की दुकानांत लाकडी घरटी दिसू लागतात. भडक रंग, पत्र्याचं छप्पर, दारापुढे दांडी आणि मूठ जाईल एवढं भोक. अशा घरात चिमणीची पिल्लं वाचणं कठीण. हा दिवस २०१० पासून पाळला जातो तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने, त्यामुळे निदान महाराष्ट्रात तरी घरटं नीट बनावं असं मला मनापासून वाटतं.

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवणारा कारागीर होतो. निवृत्तीनंतर पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनची घरटी करतो. चिमणीला ३२ मिमीचं भोक पुरतं. फार मोठं केलं की साळुंकी घुसते. दांडी लावूच नये. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र पिल्लांपर्यंत चोच न्यायला आयती बैठक मिळते. फळी पाऊण इंचाची घ्यावी, पातळ पेटी उन्हात तापते. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, आमच्या कोल्हापूरच्या पावसात फुगते. आतून रंग नाही आणि रंधाही नाही, कारण बाहेर चढताना पिल्लांच्या नखांना खरखरीत लाकूडच धरवतं. तळाला निथळायला बारीक भोकं, एक बाजू स्क्रूवर, म्हणजे पिल्लं उडाली की आतला कचरा काढता येतो. टांगायचं आठ-दहा फुटांवर, पंख्यापासून लांब, तोंड पश्चिमेच्या पावसाला नको.

मी घरटी विकत नाही, बदल्यात काहीतरी घेतो. कुणी मोडक्या चौकटीच्या फळ्या आणून देतं, कुणी काकवी. शाहूवाडीकडच्या एका गृहस्थांनी बांबूच्या पेराचं घरटं दिलं. ते इतकं सुबक होतं की मी त्यांच्याकडून बांबू तासायला शिकलो. घरटं नेणाऱ्याला मी कुंपणाला लावायला मेंदीच्या काड्याही देतो. पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात, आणि ते मिळतात फवारणी न केलेल्या कुंपणात. नुसती पेटी टांगून भागत नाही.

आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी या दिवशी रंगीत घरट्यांचे फोटो येतात. यंदा त्या जागी मापांसह एक साधी आकृती छापावी, ही विनंती. शाळेतली मुलंसुद्धा ती पाहून करवत चालवतील. आकृती मी काढून पाठवतो.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर