एक कॉम्प्युटर, दोन ब्लूटूथ स्पीकर : बाळ्याला पत्र

सोलापूर,
४ जानेवारी

प्रिय बाळ्या,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. कॉम्प्युटरला जेबीएल कंपनीचे दोन ब्लूटूथ स्पीकर, चार्ज ४ आणि फ्लिप ६, जोडले तर "एक वाजायला लागला की दुसरा गप्प बसतो" असं लिहिलंयस. त्यात तुझं काही चुकलेलं नाही आणि स्पीकरही बिघडलेले नाहीत. विंडोज एका वेळी एकाच दारातून आवाज बाहेर सोडतं. ब्लूटूथच्या यादीत दोघांसमोर 'कनेक्टेड' दिसेल, पण खाली उजवीकडे आवाजाच्या चिन्हात जो निवडलेला असेल तोच वाजणार. म्हणजे जोडलेले तर दोन्ही आहेतच की. खरं अवघड काम पुढंच आहे, दोघांना एकाच क्षणी वाजवायचं.

ब्लूटूथवरून आवाज जातो तो तारेतून गेल्यासारखा सरळ जात नाही. कॉम्प्युटर तो दाबून लहान करतो (बहुतेक ठिकाणी एसबीसी नावाच्या पद्धतीने), त्याच्या पुड्या बांधतो आणि पाठवतो. स्पीकर थोड्या पुड्या साठवून घेतो, मग उघडून वाजवतो. यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात, आणि प्रत्येक मॉडेलचा हा उशीर वेगळा. आपल्या कानाला ३० मिलिसेकंदांच्या आतले दोन आवाज एकच वाटतात. फरक त्याहून वाढला की तबल्याची थाप दोनदा पडल्यासारखी वाटते आणि बातम्या देणारा विहिरीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. वर आणखी एक भानगड आहे. दोन्ही स्पीकरांच्या आतली घड्याळं वेगळी. दोन घड्याळांत दहा लाखांत २० एवढा बारीक फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. स्पीकर आपापल्या परीने ते सावरून घेतात, पण दोघं एकमेकांना विचारून सावरत नाहीत. म्हणून सुरुवातीला जुळलेलं तासाभराने फाटतं.

आता तुझा मुख्य सवाल : दोन्ही जेबीएलचेच, मग एकमेकांशी का जुळत नाहीत? कंपनी एक असली तरी स्पीकरांची एकमेकांशी जुळायची बोली वेगळी. तुझा चार्ज ४ 'कनेक्ट प्लस' बोलतो, फ्लिप ६ 'पार्टीबूस्ट' बोलतो. ही दोन एकमेकांना ओळखत नाहीत, आणि अपडेट मारून ओळखायला लागतील असंही नाही. नवीन फ्लिप ७ आणि चार्ज ६ 'ऑराकास्ट' बोलतात, म्हणजे तिसरीच बोली. दुकानदार "सेम कंपनी आहे साहेब, चालतंय की" म्हणेल. खोक्यावर त्या तिघांपैकी कुठलं नाव छापलंय ते वाचल्याशिवाय पैसे काढू नकोस. धाकटा गो ३ तर यातलं काहीच बोलत नाही, तो एकटाच वाजणारा.

माझं मत विचारशील, तर चार्ज ४ घरात दुसरीकडे वापर आणि जोडीला आणखी एक फ्लिप ६ घे. वापरलेला मिळाला तरी चालेल, फक्त बॅटरी किती टिकते ते विचार. चार्ज ५ घेतलास तर तो फ्लिप ६ बरोबर वाजेल, पण दोघांतून एकच आवाज येईल. डावा-उजवा वेगळा हवा असेल तर दोन्ही एकाच मॉडेलचे लागतात. फायदा असा की जोडी स्पीकर आपापसात जमवतात. कॉम्प्युटर एकाशीच बोलतो आणि तो दुसऱ्याला वेळेसकट आवाज पुढे देतो. विंडोजला दुसरा स्पीकर आहे हे कळतसुद्धा नाही, आणि तेच आपल्याला हवंय.

जोडी लावायची ती आधी फोनवर. कॉम्प्युटरचं ब्लूटूथ तेवढा वेळ बंद ठेव, नाहीतर तो मध्येच एक स्पीकर पळवतो. फोनवर जेबीएल पोर्टेबल ॲप घे, दोन्ही स्पीकर चालू कर, एक फोनला जोडून गाणं लाव. मग दोघांचंही पार्टीबूस्टचं बटण दाब. दोन्हीकडून वाजायला लागलं की ॲपमध्ये 'पार्टी'वरून 'स्टिरिओ'वर ये, डावा कोण उजवा कोण तेही तिथंच ठरव. आता फोनचं ब्लूटूथ बंद कर आणि जो स्पीकर फोनला जोडला होता तोच कॉम्प्युटरला जोड : सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, ॲड डिव्हाइस. दोन्ही नावं यादीत दिसली तरी दुसऱ्याला हात लावू नकोस, त्याला वेगळा जोडलास की जोडी तुटते. स्पीकर बंद-चालू केल्यावर जोडी सुटली असेल तर दोन्ही बटणं परत दाबायची, एवढंच. दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त स्पीकर असले तर त्यांच्यात याला 'टीडब्ल्यूएस' म्हणतात. तिथं बहुधा एकाच स्पीकरचं बटण दोनदा दाबायचं असतं आणि त्या वेळी दोन्ही स्पीकर कुणालाही जोडलेले नसावे लागतात. बहुतेकांचं अडतं ते इथंच.

डावं-उजवं खरंच वेगळं आलं का ते गाणं लावून नीट कळत नाही. विंडोजची आणि 'आर'ची कळ एकदम दाब, चौकटीत एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल एवढं टाइप कर. जुनी साऊंडची खिडकी उघडेल. तुझ्या स्पीकरवर दोनदा क्लिक, ॲडव्हान्स्ड, टेस्ट. टुणटुण आधी डावीकडे आणि मग उजवीकडे वाजली पाहिजे.

डेस्कटॉपच्या ब्लूटूथबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच तक्रारी तिथल्याच असतात आणि शिव्या मात्र स्पीकरला बसतात. तुझ्या मदरबोर्डवर वायफाय असेल तर ब्लूटूथही बहुधा त्याच कार्डात आहे. पण सीपीयूच्या मागे दोन पितळी आट्यांवर अँटेना बसवाव्या लागतात. त्या खोक्यातच राहिल्या असतील तर स्पीकर चार फुटांवरसुद्धा अडखळतो. आधी मागे बघ. अंगभूत ब्लूटूथ नसेल तर यूएसबी डोंगल (पोर्टात खोचायचं बोटभर ब्लूटूथ) घे, ५.० किंवा पुढचं. सीपीयूच्या मागे थेट खोचू नकोस. पत्र्याचा डबा लहर अडवतो, आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क चालू असली की तिथून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट निघतो. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं. तीन-चार फुटांची यूएसबी एक्स्टेंशन केबल काळ्या यूएसबी २ पोर्टात लाव आणि डोंगल टेबलावर, स्पीकरच्या नजरेसमोर ठेव. एवढ्या एका केबलने बरंचसं अडखळणं जातं. राउटर शेजारीच असेल तर कॉम्प्युटरचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ने, नाहीतर सरळ लॅनची तार ओढ.

आणि दोन स्पीकरसाठी दोन डोंगल, ही युक्ती तुझ्या डोक्यात येणार हे मला माहीत आहे. येऊ देऊ नकोस! विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ चालवतं. अंगभूत आणि डोंगल दोन्ही असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन अंगभूत 'डिसेबल' कर, नाहीतर दोघांच्या भांडणात काहीच धड चालत नाही.

तिसरा स्पीकर घ्यायचाच नाही असं ठरवलंस, तर आहेत त्या दोघांवरही भागतं, फक्त खटपट आहे. चार्ज ४ ला मागे ऑक्सचं, म्हणजे तारेने आवाज आत घ्यायचं, भोक आहे, फ्लिप ६ ला नाही. म्हणून चार्ज ४ ला ३.५ मिलिमीटरची ऑक्स केबल लावून ती सीपीयूच्या मागच्या हिरव्या सॉकेटात घाल आणि फ्लिप ६ ब्लूटूथवर ठेव. मग 'व्हॉइसमीटर बनाना' हा प्रोग्रॅम टाक, फुकट वापरता येतो. टाकल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट कर. विंडोजमध्ये आवाजाचं दार म्हणून 'व्हॉइसमीटर इनपुट' निवड. प्रोग्रॅममध्ये उजवीकडे वर 'ए१'ला हिरव्या सॉकेटचं रिअलटेक (कॉम्प्युटरचं स्वतःचं साऊंड कार्ड बहुधा याच नावाने दिसतं) दे, नावाआधी 'डब्ल्यूडीएम' लिहिलेलं. 'ए२'ला फ्लिप ६ दे, 'एमएमई' लिहिलेला. व्हॉइसमीटर इनपुटच्या पट्टीवर 'ए१' आणि 'ए२' ही दोन्ही बटणं पेटलेली हवीत.

आता दोन्ही वाजतील, पण तारेचा आधी आणि ब्लूटूथचा मागून, चांगला एक पंचमांश सेकंद. पुढे धावणाऱ्याला थांबवायचं. मेन्यू, सिस्टिम सेटिंग्ज, तिथं 'मॉनिटरिंग सिंक्रो डिले' आहे. 'ए१'ला २०० मिलिसेकंद घालून बघ. यूट्यूबवर मेट्रोनोम लाव, मिनिटाला ६० ठोक्यांचा, आणि दोघांच्या बरोबर मध्ये बस. 'टक-टक' ऐकू आलं तर आकडा दहादहाने खालीवर कर. दोन टकांची एक जाडसर टक झाली की जवळ आलास, मग पाचपाचने बारीक कर. ब्लूटूथ तुटून परत जुळलं की हा आकडा थोडा सरकतो, म्हणून तो पाटीवर कोरून ठेवण्यात अर्थ नाही. चार्ज ४ कॉम्प्युटरच्याच यूएसबीवरून चार्ज करत ऑक्स लावलास तर घूंऽऽ असा आवाज येईल. जमिनीची तार दोन वाटांनी फिरून येते म्हणून तो. फोनचा ॲडॅप्टर वापर, जाईल.

विंडोजच्या साऊंडच्या खिडकीत 'स्टिरिओ मिक्स' चालू करून 'लिसन'वर टिक मारायचा उपाय सगळे सांगतात. त्यात दुसरा स्पीकर वाजतो, पण उशीर जुळवायची सोय त्यात नाही. वेगवेगळ्या खोल्यांत एक-एक ठेवायचा असेल तर ठीक, टेबलाच्या दोन टोकांना नको.

आणखी एक वाट म्हणजे हिरव्या सॉकेटात लावायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर, 'ड्युअल लिंक'वाला. तो स्वतःच दोन स्पीकरना आवाज देतो, विंडोजला वाटतं साधी तार लावलीय. पण वेगळ्या मॉडेलांचा उशीर तिथंही वेगळाच राहतो आणि तो जुळवायला काही हातात नसतं. तुझ्या जोडीला म्हणून मी सुचवणार नाही.

मीटिंगला बसलास आणि आवाज अचानक जुन्या लँडलाइनसारखा चिरका झाला, तर दचकू नकोस. तुझ्या या दोन स्पीकरांना माइक नाही, पण माइकवाला ब्लूटूथ स्पीकर लावलास तर असं होतं. झूम किंवा मीटने तो माइक धरला की ब्लूटूथ फोनच्या पद्धतीवर उतरतं, स्टिरिओ जातो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून वेबकॅम निवड, स्पीकर तसाच ठेव. सिनेमात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, त्याला व्हीएलसी प्लेयरमध्ये इंग्रजी 'जे'ची कळ दाब. दर दाबण्याला आवाज ५० मिलिसेकंद लवकर येतो. चार-पाचदा दाबावं लागेल.

ठेवायचं कसं? तू आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण, बाजू चार-पाच फूट. दोघं भिंतीपासून हातभर पुढे, तोंडं तुझ्याकडे किंचित वळलेली, कानाच्या उंचीला. तुझ्या खोलीत उघडी भिंत आणि शहाबादी फरशी, आवाज घुमणारच. समोरच्या भिंतीवर एक सोलापुरी चादर टांगून बघ. जाड विणीची चादर वरच्या पट्टीतला चणचणाट चांगलाच गिळते, आणि तिच्यामागे दोन बोटं पोकळी सोडलीस तर आणखी. स्पीकर पश्चिमेच्या खिडकीत मात्र ठेवू नकोस. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीत जातो, उन्हात तापलेल्या लिथियम बॅटरीला चार्जिंगला लावणं म्हणजे तिचं आयुष्य खाणं.

संक्रांतीला गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेला, येणारच आहेस. नवी पेठेत यूएसबी एक्स्टेंशन आणि ऑक्स केबल घेऊ, चादर चाटी गल्लीत. फ्लिप ६ बरोबर घेऊन ये, दुसरा घ्यायचा तर दुकानातच जुळवून बघू आणि मगच पैसे देऊ. आणि सीपीयूच्या मागचा एक फोटो आधी पाठव, त्या अँटेना आहेत का नाहीत ते कळू दे.

आई-अण्णांना सा. न.

तुझा,
पम्या