नवतप्याआधी कुत्र्यांना फिरवण्याची वेळ बदलावी

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सोसायटी, नागपूर

विषय : पाळीव कुत्र्यांना खाली आणण्याच्या वेळेबाबत

सप्रेम नमस्कार,

बोर्डावरच्या सूचनेनुसार कुत्र्यांना सकाळी ११ ते दुपारी ४ याच वेळेत खाली आणता येतं, तेही जिन्यानं. सकाळ-संध्याकाळ बागेत लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी असतात, त्यांना भीती वाटू नये हा हेतू मला मान्य आहे. थंडीत या नियमानं कुणाचं काही बिघडलं नसतं. पण नागपूरच्या मे महिन्यात ही वेळ जिवावर बेतते.

मागच्या सोमवारी साडेअकराला माझ्या कुत्र्याला, शेरूला, खाली नेलं. गेटजवळच्या पेव्हर ब्लॉकवर तो एकेक पाय झटकू लागला. मला वाटलं हट्ट करतोय, म्हणून मी पट्टा ओढला. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. एका स्कूटरच्या वीतभर सावलीत तो बसला, तो उठेचना. जीभ लालभडक, लाळ चिकट दोरीसारखी लोंबत होती. वॉचमनदादांनी नळी आणली. पोटावर, मांड्यांच्या मध्ये पाणी सोडत राहिलो आणि तसंच भिजलेल्या अंगानं दवाखान्यात नेलं. तिथे पोचल्यावरही ताप १०५ होता. एरवी कुत्र्याचा १०१ ते १०२.५ असतो. शेरू वाचला, पण पंजांच्या गाद्यांची कातडी सोलून निघाली आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो आणि हवाच भट्टीसारखी असली की तेही पुरत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या पग जातीच्या कुत्र्याला तर चपट्या नाकामुळे नीट धापही टाकता येत नाही. आपल्यापैकी कुणीतरी दुपारी बाराला त्या पेव्हरवर हाताची पालथी बाजू टेकवून सात आकडे मोजून बघावेत, ही कळकळीची विनंती.

जूनअखेरपर्यंत आम्हाला सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर खाली येऊ द्यावं. बागेत न जाता मागच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्टीवरच फिरवू. पट्टा हातात राहील, घाण आम्हीच उचलू. लिफ्टही खुली करावी. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारू नये, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे.

आणखी एक. पार्किंगमधली काळी कुत्री दुपारभर कुलरचं पाणी ठिबकतं तिथे पोट टेकून पडलेली असते, नाहीतर कुणाच्या तरी गाडीखाली. गाडी सुरू करण्याआधी सगळ्यांनी वाकून बघावं, एवढं बोर्डावर लिहावं. जिन्याखालच्या सावलीत पिण्याच्या पाण्याची सिमेंटची एक कुंडी ठेवू द्यावी. ती रोज रिकामी करून, घासून मी भरेन, म्हणजे डास होणार नाहीत.

२५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. बैठक त्यानंतर असेल, तर तोवर निदान वेळेपुरती तोंडी परवानगी द्यावी.

आपली,
बी विंग, चौथा मजला