यादीतली शेवटची ओळ

इचलकरंजी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी नव्या गेमिंग पीसीच्या भागांची यादी बघितली. आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, रायझन ५ ७६०० प्रोसेसर, काचेचा कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे. पैसे तुझ्या इंटर्नशिपचे आहेत, त्यामुळे गेमबद्दल मी काही बोलत नाही. ते काम बाबा करतील. मला खटकली ती शेवटची ओळ: ‘एसएमपीएस ६५० वॉट, कोणताही.’ कार्ड निवडायला महिनाभर व्हिडिओ बघितलेस आणि सगळ्यांना वीज पुरवणारा हा सप्लाय तेवढा ‘कोणताही’?

६५० हा आकडा मात्र बरोबर आहे. कार्ड २०० वॉट घेतं. प्रोसेसरवर ६५ लिहिलेलं असलं तरी जोर लागला की तो ८८ पर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ धर. झाले साडेतीनशे. तरी कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया कंपनी या कार्डासाठी ६५० सांगते, कारण कार्ड मधूनच क्षणभर नेहमीच्या बरंच वर उसळतं. तेवढ्यात सप्लायने मान टाकली की ऐन खेळात पीसी बंद. म्हणून एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच बघ; ते सप्लाय बनवायचे नियम आहेत, आणि असल्या उसळ्या सोसायची अट त्यांतच घातलेली आहे. दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, हजार वॉटचा घ्या, पुढे उपयोगी पडेल.’ काही गरज नाही. ते पैसे एसएसडीत घाल.

आता खोक्यावरचा मोठा आकडा विसर आणि डब्याच्या बाजूला चिकटवलेलं लेबल वाच. तुझं कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवर घेतात. त्या रकान्यात ५४ अँपिअर असतील तर १२ गुणिले ५४, म्हणजे ६४८ वॉट, माल खरा. ३० असतील तर ३६० वॉट, मग वर साडेसहाशे छापा नाहीतर हजार. दुकानात उभ्या उभ्या होणारा गुणाकार आहे हा, पण आमच्या आयटीआयची पोरंसुद्धा आधी खोकंच बघतात.

परवा प्रॅक्टिकलला असाच एक स्वस्तातला, बंद पडलेला सप्लाय उघडला. बोर्डवर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली, भोकं पाडलेली, आणि कॉइलऐवजी तारेचे दोन तुकडे डकवलेले! शेजारी कपॅसिटरची जागा रिकामीच. बाहेरून मात्र काळा चकचकीत डबा. (तू उघडायला जाऊ नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.)

८० प्लस गोल्ड की ब्रॉन्झ, असं विचारलंस. तो शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. व्होल्टेज किती स्थिर, शॉर्ट झाल्यावर सप्लाय स्वतःहून बंद होतो का, हे त्यात येत नाही. साडेतीनशे वॉटच्या भाराला दोघांत वीस-पंचवीस वॉटचा फरक पडेल. रोज चार तास खेळलीस तरी वर्षाला तीस-पस्तीस युनिट. एवढ्यासाठी गोल्डला जादा पैसे मोजू नयेत. पण लांब मुदतीची वॉरंटी आणि चांगले भाग जास्त करून गोल्डमध्ये सापडतात, म्हणून माझं मत गोल्डला.

खोलीवरचा तुझा ६०० व्हीएचा यूपीएस आता पुरायचा नाही. तसले यूपीएस साधारण ३६० वॉटच देतात, आणि मॉनिटर धरून तुझा भार त्याच्या वर जाईल. हजार-अकराशे व्हीएचा लागेल, शक्यतो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर हे नवे सप्लाय कधीकधी लाइट गेल्या गेल्या बंद पडतात, मग यूपीएस घेतला कशाला?

आणि अर्थिंग. फोनवर म्हणालीस ना, मैत्रिणीच्या पीसीला हात लागला की मुंग्या येतात? तिथल्या सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं असणार. सप्लायच्या फिल्टरमधून थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो, तो अर्थमधून जायला हवा. तुझ्या खोलीतलं सॉकेट वायरमनकडून तपासून घे, घरमालक कुरकुरला तरी. टू-पिन अडॅप्टर लावून चालवायचं नाही म्हणजे नाही.

लॅमिंग्टन रोडला गेलीस की पैसे देण्याआधी लेबलचा फोटो मला पाठव. बिलावर सिरीयल नंबर लिहून घे, वॉरंटीला तोच मागतात.

तुझी,
आई

ता. क. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा सप्लाय घेतलास तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापर. मित्राकडची दुसऱ्या कंपनीची केबल सॉकेटमध्ये बसते, पण सप्लायकडच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. एसएसडीच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ आले की ती गेलीच. कार्डाला सोळा पिनांचा कनेक्टर असेल तर तो मात्र फट दिसणार नाही इतका आत दाब. आणि कार्डाची किंमत बाबांना अजून सांगितलेली नाही, तूही इतक्यात सांगू नकोस.