ओमसाठी, एका सडपातळ पोराची गोष्ट

बर्मिंगहॅम, अलाबामा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय विज्या,

परवा फोनवर तुझा आवाज अगदी उतरलेला होता. ओमला जिल्ह्याच्या कबड्डी संघातून वगळलं आणि कारण काय, तर 'पोरगं चपळ आहे, पण अंगात काही नाही.' त्या दिवसापासून तो जेवताना मान वर करत नाही, हे तू सांगितलंस तेव्हा माझ्या घशाशी आलं. फोनवर धड काही बोलता आलं नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय. हे पत्र त्यालाही वाचून दाखव.

इथला फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड काटायचे, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. त्यात वाइड रिसीव्हर नावाचा गडी मैदानाच्या कडेला उभा असतो. खेळ सुरू झाला की तो सुसाट सुटतो आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलतो. त्याच्या समोरचा पहिल्या पावलालाच छातीवर हात टाकून त्याला अडवायला बघतो. आपल्या चढाईसारखंच आहे बघ. पकड बसली की संपलं, हात लागायच्या आत निसटला तरच पुढचं सगळं.

डेव्हॉन्टा स्मिथ हा असाच रिसीव्हर. लुइझियानातल्या अमीट या चारेक हजार वस्तीच्या गावचा. उंची सहा फूट, पण अंगाने काडी. शिकायला आणि खेळायला तो इथे टस्कलूसाला, अलाबामा विद्यापीठात आला. घराजवळ लुइझियानाचं तगडं विद्यापीठ असताना दुसऱ्या राज्यात, त्यांच्या कट्टर वैऱ्यांकडे.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते ८ जानेवारी २०१८ च्या रात्री. इथे येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. शेजारच्या आजोबांनी महाविद्यालयीन फुटबॉलचा अंतिम सामना बघायला घरी बोलावलं होतं. समोर जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा ०-१३ ने मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी वर्षभर संघ ओढत आणलेल्या क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवलं आणि तुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. सामना २०-२० असा सुटला, जादा वेळ आला. जॉर्जियाने तीन गुण घेतले. अलाबामाच्या पहिल्याच प्रयत्नात तुआला धरून पाडलं, संघ १६ यार्ड मागे गेला. आता दहाऐवजी २६ यार्ड हवे होते. आजोबा उठून दारात जाऊन उभे राहिले, त्यांना बघवेना.

पुढच्या चेंडूला तुआने आधी उजवीकडे बघितलं. मागे राखण करणारा गडी त्या नजरेला भुलला, आणि तेवढ्या क्षणात डावीकडून स्मिथ एकटा निघून गेला. चेंडू खांद्यावरून त्याच्या ओंजळीत आला. ४१ यार्ड, टचडाउन (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण), २६-२३. आजोबा रडत होते. हर्ट्स त्या वेळी मैदानाच्या कडेला उभा होता. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता ओमला मुद्दाम हे सांग. त्या अख्ख्या हंगामात स्मिथने आठच चेंडू झेलले होते, हा त्यातला आठवा. आणि इतकं होऊनही तो रातोरात मोठा झाला नाही. जेरी ज्यूडी, हेन्री रग्ज, जेलन वॉडल असे वाऱ्यासारखे पळणारे त्याच्याच संघात होते, कौतुक बरंचसं त्यांच्या वाट्याला. २०१८ मध्ये ४२ झेल, २०१९ मध्ये ६८. ज्यूडी आणि रग्ज २०२० मध्ये व्यावसायिक संघांत गेले. स्मिथ मात्र चौथ्या वर्षासाठी थांबला.

ते करोनाचं वर्ष. ऑक्टोबरात टेनेसीविरुद्ध अगदी सुरुवातीलाच वॉडलचा घोटा मोडला. समोरच्या संघांनी दोन-दोन माणसं स्मिथवर लावली, तरी हा सापडेना. डिसेंबरात लुइझियानाच्या मैदानावर, त्याच्या गावापासून तासाभरावर, त्याने एक झेल घेतला तो मी किती वेळा पाहिला असेन. रेषेच्या आतला कोपरा, अंगाशी भिडलेला डेरेक स्टिंगलीसारखा पट्टीचा बचावपटू, चेंडू डोक्यावरून जातोय, आणि याचा एकच हात वर. बोटं अशी मिटली, जणू फांदीवरचं फळ काढलं.

त्या हंगामात ११७ झेल, १८५६ यार्ड, झेलून केलेले २३ टचडाउन. जानेवारी २०२१ मध्ये त्याला हाइजमन करंडक मिळाला, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वांत मोठा मान. १९९१ मधल्या डेसमंड हॉवर्डनंतर पहिल्यांदाच तो एखाद्या रिसीव्हरला मिळत होता. करोनामुळे समारंभ पडद्यावरच झाला. भाषणात तो आपल्यासारख्या लहानखुऱ्या पोरांशीच बोलला, की मी काही सर्वांत धिप्पाड नाही, अंगावरून माझ्याबद्दल शंका घेतल्या गेल्या, तुम्ही थांबू नका. सहा दिवसांनी अंतिम सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध मध्यंतरापर्यंतच १२ झेल, २१५ यार्ड, तीन टचडाउन. मग बोट निखळलं आणि बाकीचा सामना त्याने बाहेरून पाहिला. अलाबामा ५२-२४ ने जिंकली.

एवढं करूनही व्यावसायिक संघांच्या निवडीच्या आधी काट्यावर चढवलं तर १६६ पौंड भरले, म्हणजे ७५ किलो. पुन्हा तीच चर्चा, की मोठ्या संघांतले दांडगे याला मोडून ठेवतील. फिलाडेल्फियाने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. तिथला क्वार्टरबॅक कोण, तर जेलन हर्ट्स. २०१८ च्या त्या रात्री बसवलेला तोच.

गेल्या रविवारी सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना होता, न्यू ऑर्लिन्सला. अमीटहून सव्वा तासाचा रस्ता. कॅन्सस सिटीविरुद्ध तिसऱ्या सत्रात हर्ट्सने ४६ यार्डांचा उंच चेंडू टाकला आणि स्मिथ त्याच्या खाली जाऊन पोचला. टचडाउन. फिलाडेल्फिया ४०-२२ ने जिंकली. शेजारचे आजोबा आता नाहीत, मी एकटाच बघत होतो. चेंडू हवेत असतानाच मी उठून दाराशी गेलो होतो.

विज्या, निवड करणाऱ्यांनी ओमला तोललं, त्याचा खेळ पाहिला नाही, असं मला मनापासून वाटतं. मागच्या गणपतीत मी त्याची चढाई पाहिलीय. डाव्या कोपऱ्यात बोनस घेऊन मागे फिरताना तो कमरेतून जो वळतो, तसं वळणं शिकवून येत नाही. पुढची चाचणी दिवाळीनंतर आहे म्हणालास ना? तोवर त्याचा सराव सुटू देऊ नकोस. अंडी, दूध, शेंगदाणे चालू ठेव, पण रोज काट्यावर उभं करू नकोस त्याला.

मी मे महिन्यात तीन आठवडे येतोय. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊ, मला ते वळणं पुन्हा बघायचंय. वहिनींना नमस्कार सांग, आणि काकांच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव.

तुझाच,
संज्या