टेबलावरच्या कागदी नावपाटीविषयी

चि. नूपुर हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

कायमची नावपाटी मिळायला तीन आठवडे लागतील आणि तोवर येणारे-जाणारे तुझ्या टेबलाशी थांबून, त्या जागी आधी बसणाऱ्या गृहस्थांचीच चौकशी करत राहतील, असे तू काल फोनवर सांगितलेस. इतके दिवस दुसऱ्याच्या नावाला ओ देण्यापेक्षा कागदाची पाटी करून टाक. तासाभराचेही काम नाही.

मात्र छपाईचा साधा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद घेऊ नकोस. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी तसलाच एक कागद मधोमध दुमडून उभा केला होता. पंखा सुरू झाला की तो टेबलभर हिंडे आणि दुपारपर्यंत पाय फाकवून आडवा होई. २०० ते २५० जीएसएमचे ए-४ कार्डशीट घे आणि नुसती घडी न घालता पाटीला तळ दे. हा कागद २९७ मिलिमीटर लांब असतो. तो उभा धरून वरून १०० मिलिमीटर मागच्या बाजूला, पुढचे १०० दर्शनी बाजूला, ७० तळाला आणि उरलेले २७ चिकटवायच्या पट्टीला, अशा रेघा पेन्सिलीने हलक्या आख. प्रत्येक रेघेवर मोजपट्टी धरून संपलेली रिफिल एकदा दाबून फिरवलीस की जाड कागद वेडावाकडा न मोडता सरळ दुमडतो. तळ अरुंद ठेवल्याने पाटी किंचितच मागे रेलते आणि उभ्या माणसालाही वाचता येते. तळावर आतून दोन नाणी चिकटव, म्हणजे पंख्याची चिंता नको.

मागच्या बाजूलाही नाव हवे असेल तर ते कागदावर उलटे छापावे लागते, तरच घडी घातल्यावर सुलटे दिसते. मला विचारशील तर ती बाजू कोरी ठेव. तू कोण आहेस हे तुला ठाऊक आहे.

अक्षर ठसठशीत आणि साधे निवड. नाव ७२ पॉइंटच्या आसपास आणि हुद्दा त्याच्या निम्म्याहून लहान पुरे. नाव दर्शनी बाजूच्या मध्यापेक्षा थोडे वर घे, कारण खालचा भाग फायलींच्या आड जातो. पण नू आणि पु यांचे उकार खाली लोंबत असल्याने हुद्द्याची ओळ त्यांना भिडणार नाही इतके अंतर राख. छापताना ‘फिट टू पेज’ची खूण काढ, नाहीतर मापे आकसतात आणि नाव जागेवरून सरकते.

शुद्धलेखनाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. माझ्या त्या कागदावर घाईत दुसऱ्या वेलांटीच्या जागी पहिली पडली होती, आणि पितळी पाटी करणाऱ्याने तोच कागद नमुना म्हणून नेला. पुढची सहा वर्षे मी त्या चुकीच्या नावामागे बसून सह्या केल्या. तुझ्या नावात पहिला उकार दीर्घ आणि दुसरा ऱ्हस्व आहे. लोक हटकून उलटे लिहितात.

डिंक लावण्यापूर्वी छापलेल्या कागदाचा फोटो मला पाठव.

तुझे,
बाबा