नळीतलं जेवण आणि इन्सुलिनची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची आई वर्षभर अंथरुणाला आहे. पक्षाघातानंतर गिळता येईना, म्हणून नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे पोटापर्यंत जाणारी जेवणाची नळी, घालून तिला घरी पाठवलं. मधुमेह जुनाच. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी: दर तीन तासांनी २०० मिली फीड, इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. या दोन ओळींचा एकमेकींशी काय संबंध, ते कोणी सांगितलं नाही.

तो कळला आषाढातल्या एका रात्री. सात वाजता इंजेक्शन दिलं आणि लाईट गेली. आमचं फीड म्हणजे मऊ भात, मूगडाळ, दुधी मिक्सरला फिरवून दोनदा गाळलेलं. मिक्सरच बंद. पेजेवरचं निवळ घातलं, तेही तिने ओकलं. लाईट आली की नीट देऊ, म्हणून थांबलो. अकराच्या सुमारास बायकोने कूस बदलायला हात घातला, तर पाठीखालची चादर पिळून काढावी इतकी ओली. बाहेर धो धो पाऊस, हवेत गारवा आणि हिला घाम! ग्लुकोमीटरवर साखर फक्त ४६; इन्सुलिन गेलेलं आणि पोटात अन्न नाही. धडधाकट माणूस 'हातपाय थरथरतायत' असं म्हणेल तरी. आईची वाचा गेलेली. डॉक्टरांना फोन लागला हे नशीब. त्यांनी सांगितल्याप्रमाणे नळीची खूण नाकाशी जागेवर आहे ना ते पाहिलं, तिला उशाकडून उंच केलं आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून नळीतून दिली. पंधरा मिनिटांनी ७८. तोवर बायकोने पाटा धुवून त्यावर डाळ-भात वाटायला घेतला होता.

आता डॉक्टरांच्याच सल्ल्याने आधी साखर तपासतो, फीड देतो, ते पोटात राहिलं की मगच इंजेक्शन.

उलटी बाजूही आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण 'ताकद येईल' म्हणून शहाळं, सत्त्व, गूळपाणी सुचवतो, आणि आम्हीही मोहात पडलो. पातळ पेज नळीतून गेली की साखर भराभर चढते. मधुमेह्यांसाठी पावडर मिळते, पण सगळं पोट तिच्यावरच भरायचं तर ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम दिवसभर पुरतो. बागायतीवर जगणाऱ्या घराला ते कसं झेपणार? शिवाय 'गोळ्या कुटून द्या' असं सांगून सोडलेलं. त्यातली मधुमेहाची गोळी हळूहळू विरघळणारी, ती कुटायचीच नसते, हे औषधाच्या दुकानातल्या मुलाने सांगितलं!

गावोगावी आशाताई तिशीपुढच्यांच्या मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीसाठी माहिती भरून घ्यायला येतात. नळी असलेल्या घरी आठवड्यातून एकदा त्यांची फेरी झाली, तर केवढा आधार होईल. आणि डिस्चार्ज कार्डाला मराठीत एक पान जोडावं: फीड चुकलं किंवा ओकलं तर इन्सुलिनचं काय करायचं, साखर ७० च्या खाली गेली तर नळीतून काय आणि किती द्यायचं, कुठली गोळी कुटायची नाही, आणि रात्री कोणाला फोन करायचा. आमच्या फ्रीजवर असं पान चिकटवलेलं आहे, पण ते आम्हीच वहीच्या कागदावर लिहिलंय. ते रुग्णालयाने द्यायला हवं होतं.

आपला,
एक वाचक, गुहागर तालुका