आय७ चा स्टिकर बघून भुलू नका

संपादक साहेब,

पोरीच्या डिप्लोमासाठी कॉम्प्युटर घ्यायला चोपड्याहून जळगावला आलो, तीन-चार दुकानं फिरलो, एका ठिकाणी इंटेलच्या आय७ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर स्वस्तात दाखवला आणि मी लगेच तयार झालो, पण पोरीने सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर प्रोसेसरचा नंबर निघाला ४७७०, म्हणजे चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा! त्याच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही, अन विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (मोफत अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्यापेक्षा १२व्या पिढीचा आय३ नाहीतर एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, सोबत एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, जास्त वेगवान) हवीच, हार्ड डिस्कवर विंडोज फार रखडतं. कापसाचा पैसा असतो हो आपला, दुकानदारांनी कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहूनच द्यावा.

– एक शेतकरी पालक, चोपडा